पाण्याखालचें छायाचित्र

आमच्या वडील वहिनींचें माहेर मालवणचें. लग्न होऊन त्या जळगांवीं आल्या, तेव्हां आम्ही सहा वर्षांचे होतों. म्हणजे त्या गोष्टीला आतां साठ वर्षें झालीं. खानदेशचा वैशाख, केळीच्या बागा, भरीत आणि कळण्याची भाकरी या सर्वांशीं त्यांनीं सख्य केलें. परंतु समुद्राची गोष्ट निघाली कीं हातांतलें काम थांबे. लहानपणीं बंदरावर उभें राहून त्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पाहात, आणि तटाच्या पायाशीं लाटा फुटतात तेथें पाण्याखालीं काय असेल, असें त्यांच्या मनांत येई. मुलीनें पाण्यांत उतरून पाहण्याची सोय त्या काळीं नव्हती. चार वर्षांपूर्वीं त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील पडद्याचा मध्यभाग झिजूं लागला. दृष्टि समूळ जाणार नाहीं, मात्र नेमकें समोर असेल तें अंधुक होत जाईल, असें डॉक्टरांनीं सांगितलें. त्यानंतर एके दिवशीं ताक घुसळतां घुसळतां त्या आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही नातवाला घेऊन मालवणला जाणार आहांत म्हणे. त्या किल्ल्याजवळच्या पाण्याखालचे फोटो काढून आणा. अजून थोडें दिसतें आहे, तोंवर पाहून घेतें."

पुतण्यानें पुण्याहून खिशांत मावेल असा एक डिजिटल कॅमेरा व त्याच्या बेताची पारदर्शक जलाभेद्य पेटी पाठवून दिली. दिवाळी उरकल्यावर आम्ही दोघे कुडाळ स्थानकावर उतरलों व तेथून मोटारीनें मालवण गांठलें. शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटें बेटावर हा किल्ला बांधावयास घेतला व तीन वर्षांत पुरा केला, हें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! पण त्याच तटाभोंवतालच्या पाण्यांत प्रवाळांच्या वसाहती आहेत, आणि १९८७ सालापासून तेथील सुमारें २९ चौरस किलोमीटरांचा टापू सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे, ही गोष्ट आम्हांस तेथें गेल्यावर कळली.

डॉक्टरांचा दाखला जवळ होताच. पाठीवर हवेचें नळकांडें बांधून व शिक्षकाच्या हातांत हात देऊन आम्ही पंधरा फूट खालीं गेलों. कॅमेरा मनगटाला बांधलेला होता. थोडक्या वेळांत शंभरावर चित्रें घेतलीं. बाहेर येऊन पाहतों तों एकूण एक चित्रांत निळसर-हिरवट धुकें, त्यांत पांढरे ठिपके, आणि कोठें कोठें माशाचें शेपूट! त्यांतल्या त्यांत बरीं अशीं तीन चित्रें जळगांवीं येऊन कागदावर उतरवून घेतलीं. वहिनींनीं एक चित्र डोळ्याच्या कडेशीं धरलें (मधली दृष्टि मंदावल्यापासून त्या असेंच तिरपें पाहतात) आणि म्हणाल्या, "छान निळें आहे हो."

तीस वर्षें मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसाला असा शेरा केव्हां देतात तें ठाऊक असतें. त्या दिवसापासून आम्ही पुनः विद्यार्थी झालों. पुढील वर्षभरांत पुस्तकांवरून व प्रत्यक्ष प्रयोगांवरून जें उमगलें तें येथें देत आहों. वाचकांच्या घरचीं मुलें-नातवंडें सुटींत मालवणास, गोव्यास, क्वचित् अंदमानास जातात आणि असला लहान कॅमेरा त्यांच्या हातीं असतोच; त्यांच्या उपयोगीं पडलें तर बरेंच झालें.

आमची पहिली चूक कॅमेऱ्याची नव्हतीच. जो प्रथमच नळकांडें लावून पाण्यांत उतरतो, त्याचे कान दडे बसत असतात, श्वास तोंडानें घ्यावयाचा असतो, पाय कोठें चालले आहेत याचें भान नसतें. अशा स्थितींत छायाचित्राकडे काय लक्ष लागणार? पहिल्या खेपेस हात मोकळे ठेवून नुसतें पाहावें. कॅमेरा दुसऱ्या खेपेस न्यावा. शिवाय पेटीवर किंवा कॅमेऱ्यावर किती खोलीपर्यंत चालेल तो आंकडा छापलेला असतो, तो वाचावा. दर १० मीटर खोलीस एका वातावरणाइतका दाब वाढतो. बादलींत जी पिशवी कोरडी राहिली ती तेथें कोरडी राहीलच असें नाहीं. कांहीं लहान कॅमेरे पेटीवांचूनही पाण्यांत चालतात (ऑलिंपस कंपनीचा २०१९ सालीं निघालेला टीजी-६ हा १५ मीटरांपर्यंत चालतो), तरी त्यांचीं दारें नीट बसलीं आहेत कीं नाहींत हें पाहणें आपल्याकडेच राहतें.

आतां धुक्याचें व निळेपणाचें कारण. पाणी बिनरंगी असतें ही समजूत तांब्याभर पाण्यापुरती खरी. पाण्याचा थर जाड झाला कीं तो सूर्यप्रकाशांतील रंग एकामागून एक गिळूं लागतो. पहिला बळी लाल रंगाचा. पंधरा फुटांवरच त्याचा बहुतेक भाग नाहींसा होतो. आणखी खालीं नारिंगी जातो, मग पिवळा, आणि निळा मात्र दूरवर टिकतो. मालवणच्या बंदरावर टोपलींत तांबोशी नांवाची मासळी आम्हीं पाहिली (ब्राह्मण कुटुंबाच्या मासिकांत हें उदाहरण आल्याबद्दल क्षमा असावी). तिचा अंगरखा कुंकवासारखा लाल होता. तीच खोल पाण्यांत राखी दिसते. कॅमेरा येथें खोटें बोलत नाहीं. त्याच्यापर्यंत लाल किरण पोहोंचलेलाच नसतो.

हें वाचून पटलें, पण डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय समाधान होईना. यावल तालुक्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची केळीची बाग आहे. त्या भागांतील पुष्कळ विहिरी आटून त्यांच्या जागीं कूपनलिका आल्या. पण याच्या जुन्या मोटेच्या विहिरीला पावसाळ्यानंतर अद्याप तीन पुरुष पाणी राहतें. (विहिरीची खोली पुरुषांत मोजण्याची चाल नव्या पिढीस ठाऊक नसेल, माणसाच्या उंचीवरून धरलेलें हें माप आहे.) एका सुतळीला लाल खणाची, हळदीनें रंगविलेली व पांढऱ्या मांजरपाटाची अशा तीन-तीन चिंध्या ठरावीक अंतरावर बांधल्या, खालीं दगड अडकविला आणि सुतळी पाण्यांत सोडली. आम्ही लहानपणापासून पोहणारे. तरीही कमरेला दोर व कांठावर दोन पट्टीचे पोहणारे गडी उभे केल्याशिवाय उतरलों नाहीं. छायाचित्राच्या नादांत माणसाला दमल्याचें कळत नाहीं, हें आम्हीं स्वतःवरून पाहिलें आहे.

पृष्ठभागाच्या जवळच्या चिंध्या हातभर अंतरावरून टिपल्या तेव्हां लाल तो लालच आला. त्याच चिंध्या विहिरीच्या दुसऱ्या कडेनें, सात-आठ फुटांवरून टिपल्या, तर खणाचा रंग गढूळ तपकिरी झाला आणि हळदीचा शेवाळी. खोली तीच, चिंधी तीच, ऊन तेंच! आमच्या ध्यानांत गणित आलें. प्रकाशाला पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत जितकें पाणी ओलांडावें लागतें, त्यांत वस्तूपासून कॅमेऱ्यापर्यंतचें पाणी मिळवावयाचें असतें. पांच फूट खोल असलेली वस्तु आठ फुटांवरून पाहिली, तर ती तेरा फूट पाण्यांतून पाहिल्यासारखी झाली. म्हणून दोन्ही आंकडे लहान करावेत. खोल जाऊं नये, आणि दूर राहूं नये. किल्ल्याजवळ आम्हीं दोन्ही अपराध एकदमच केले होते.

अंतराच्या बाबतींत डोळा आणखी एक फसवणूक करतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत कांच, अभ्रक व स्फटिक यांच्या आडून वस्तु कशी दिसते याची चर्चा आहे, हें संस्कृत शिकलेल्यांस आठवेल. आमच्यापुढें कांचेच्या जोडीला पाणीही होतें. पाण्यांतून चष्म्याच्या आंतील हवेंत शिरतांना किरण वांकतात आणि चार फुटांवरचा मासा तीन फुटांवर, शिवाय थोरला, भासतो. आपणांस वाटतें, पुष्कळ जवळ आलों. आणि चित्रांत मासा बोटाएवढा निघतो. कॅमेऱ्याचें भिंग तोच भास पाहून आपलें आपण जुळवून घेतें, त्याची चिंता नको. आपला अंदाज मात्र सुधारावयास हवा. हात लांब केला तर लागेल इतकें जवळ जावें, आणि तो हात लावूं नये. कॅमेऱ्यांत दूरचें जवळ आणण्याची जी सोय असते ती पाण्यांत निरुपयोगी समजावी. तिनें मासा मोठा होतो, पण मधलें पाणी तितकेंच राहतें. भिंग सर्वांत रुंद ठेवावें व आपण पुढें सरकावें. वीतभर अंतरावरच्या बारीक जीवासाठीं फुलाचें चिन्ह असलेली योजना वापरावी.

मासा पळून जातो, मग जवळ कसें जावें? पाठलाग केल्यास शेपूटच मिळतें, याचा आमच्याजवळ शंभर चित्रांचा पुरावा आहे. एके ठिकाणीं स्थिर राहावें, कोपरें अंगाशीं घ्यावींत, श्वास संथ चालूं द्यावा. मासे आपल्या ठरलेल्या दगडाशीं परत येतात. कळ अर्धी दाबून ठेवली म्हणजे भिंग आधींच जुळलेलें असतें. मासा वळतांच उरलेली दाबावी. नाहींतर लहान कॅमेरा विचार करीत बसतो आणि मासा निघून जातो.

पांढऱ्या ठिपक्यांचें कोडें आमच्या माजघरांत सुटलें. सकाळीं कौलांतून कवडसा पडतो तेव्हां एरवीं न दिसणारी धूळ त्यांत नाचतांना दिसते. समुद्राच्या पाण्यांत वाळूचे व सेंद्रिय गाळाचे असेच असंख्य कण असतात. लहान कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला अगदीं खेटून असल्यामुळें तो समोरच्या प्रत्येक कणाला उजळून प्रकाश सरळ भिंगांत परत पाठवितो. यास्तव उथळ पाण्यांत फ्लॅश बंद ठेवावा. खोल जाणारे लोक वेगळा दिवा लांब दांडीवर बसवून बाजूनें प्रकाश टाकतात. पण तो खर्च व तें लटांबर आमच्यासारख्यांस नको. पायांतील वल्हीं तळाला लागून वाळू उडाली, तर आपलें आणि मागून येणाऱ्याचेंही चित्र बिघडतें.

रंगाच्या दुरुस्तीसाठीं कॅमेऱ्यांतच एक सोय आहे. ‘पांढरें कशास म्हणावें’ हें त्याला आपण दाखवून देऊं शकतों. यंत्राच्या यादींत कस्टम व्हाइट बॅलन्स या नांवानें ती सांपडते. आम्हीं श्रीखंडाच्या डब्याचें पांढरें झांकण सुतळीनें कमरेला बांधलें. पाण्यांत इष्ट खोलीवर गेल्यावर तें समोर धरावयाचें, चौकट त्यानें भरून टाकावयाची, आणि यंत्राला सांगावयाचें कीं, बाबा रे, हें पांढरें. मग बाकीचे रंग तो त्या मानानें लावतो. कांहीं फूट वर-खालीं झालों कीं हा विधि पुनः करावा लागतो. विहिरीच्या हिरव्या पाण्यांतही झांकणानें आपलें काम चोख केलें. ज्या कॅमेऱ्यांत ही सोय नाहीं, त्यांत पाण्याखालच्या चित्रांसाठीं माशाचें चिन्ह असलेली योजना बहुधा असते. तीही अगदींच टाकाऊ नाहीं.

आपल्या अपयशाचें फार वाईट वाटलें म्हणजे आम्ही लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाची आठवण करतों. १८९३ सालीं बान्यूल्स येथील समुद्रांत त्यानें पाण्याखालचीं छायाचित्रें घेतलीं. पेटी त्याच्या भावानें, ओग्युस्त यानें, तयार केलेली. पाणबुड्याचा अवजड पोशाख घालावयाचा, यंत्र तळावर मांडावयाचें आणि कांच उजळेपर्यंत मिनिटेंच्या मिनिटें वाट पाहात राहावयाचें! पुढें १९२६ सालीं अमेरिकेंत लाँगली व मार्टिन या दोघांनीं फ्लोरिडाजवळच्या समुद्रांत पहिलीं रंगीत चित्रें घेतलीं, तीं मॅग्नेशियमची पूड तराफ्यावर पेटवून. आमच्या हातांत श्रीखंडाचें झांकण होतें.

पेटीविषयीं दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. झांकणाभोंवतीं रबराचें एक बारीक कडें असतें. सारा समुद्र बाहेर ठेवण्याचें काम त्या कड्याकडे. त्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण राहिला कीं पाणी आंत आलेंच. म्हणून पहिली परीक्षा कॅमेऱ्यावांचून करावी. आम्हीं पेटींत टिपकागद घालून ती विहिरींत बुडविली, आणि कागदावर दोन थेंब उमटले. शोध करतां कड्याखालीं आमच्याच डोक्याचा एक पांढरा केस सांपडला. कॅमेरा आंत असता तर? कडें स्वच्छ फडक्यानें पुसावें, कंपनीनें सांगितलेलें सिलिकॉनचें वंगण नांवापुरतें लावावें, आणि पेटी उजेडाशीं धरून कडें सारखें दबलें आहे कीं नाहीं तें पाहावें. समुद्रांतून आल्यावर बंद पेटी गोड्या पाण्यांत बराच वेळ भिजत ठेवावी. मीठ वाळलें म्हणजे कळा अडकून बसतात.

पहिल्या खेपेस आम्हीं पेटी किनाऱ्यावरच्या दमट हवेंत बंद केली होती. खालच्या पाण्यानें भिंगापुढची कांच थंड होतांच आंतील ओल तिच्यावर दहिवरासारखी सांचली. दुसऱ्या खेपेस कॅमेऱ्याची बॅटरी भरून पेटी जळगांवींच, मार्गशीर्षांतल्या कोरड्या दुपारीं, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या दोन पुड्या घालून बंद केली. वहिनींना याची मोठी गंमत वाटली. "म्हणजे खानदेशची हवा डबींत भरून माझ्या माहेरीं नेणार तर!" असें त्या म्हणाल्या. नेली खरी, आणि कांच शेवटपर्यंत स्वच्छ राहिली.

या खेपेस नळकांडें घेतलेंच नाहीं. तरंगण्याचें जाकीट, चष्मा व श्वासनळी एवढ्यावर, नावाड्याच्या नजरेच्या टप्प्यांत, सहा-सात फूट पाण्यांत आम्ही पालथे तरंगत राहिलों. नातू हाताच्या अंतरावर होता. आमच्या वयाच्या माणसाला हेंच उचित, आणि चित्रालाही हेंच उचित, कारण इतक्या उथळ पाण्यांत लाल रंग अजून जिवंत असतो. पावसाळ्यांत नद्यांचा गाळ समुद्रांत येतो व हे व्यवहार बंदच असतात. पाणी निवळावयास दिवाळी उलटूं द्यावी लागते. दिवसांतली वेळ दहा ते बारा धरली, म्हणजे ऊन पाण्यांत सरळ शिरतें. ऊन आपल्या पाठीशीं ठेवावें. भरती चढत असतां बाहेरचें स्वच्छ पाणी किनाऱ्याकडे येतें, तेव्हां उतरलेलें चांगलें.

वरून तरंगणाऱ्याला एक अडचण येते. त्याला माशांच्या पाठीच तेवढ्या दिसतात. तिसऱ्या मजल्यावरून मिरवणूक पाहावी आणि सर्वांचीं टाळकीं दिसावीं तसें. त्यावर उपाय असा कीं, एखाद्या उंच खडकाच्या बाजूस जावें, कॅमेरा हात ताणून शक्य तितका खालीं धरावा, आणि माशाच्या डोळ्याच्या पातळीवरून, जमल्यास किंचित् खालून वर, चित्र घ्यावें. मागें मोकळें निळें पाणी आलें कीं मासा उठून दिसतो. कांहीं नावाडी मासे जमविण्यासाठीं पाव-बिस्किटें टाकतात. मासे झुंबड करतात हें खरें. पण पाणी गढूळ होतें, सर्व तोंडें एका तुकड्याकडे वळतात, आणि असलें खाणें माशांना हितावह नाहीं तें वेगळेंच. आम्हीं आमच्या नावाड्याला विनंति करून तें बंद ठेवविलें. प्रवाळावर पाय ठेवून उभें राहणें तर सर्वथा वर्ज्य. तो दगड नव्हे, जीव आहे. त्याला इजा करणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा ठरतो.

दोन दिवसांत चाळीसच चित्रें घेतलीं. घरीं आल्यावर नातवानें संगणकावर तांबडा रंग थोडा चढविला व काळ्या-पांढऱ्याचा भेद जरा ठळक केला. याहून अधिक करूं दिलें नाहीं. जो किरण कॅमेऱ्यांत आलाच नाहीं तो मागून आणूं गेल्यास खडकावर गुलाल उधळल्यासारखें दिसतें. वहिनींच्या दृष्टीला लहान, नाजूक, फिक्या कडांचें चित्र निरुपयोगी होतें. चौकट भरून एकच मासा आणि ठसठशीत पट्टे अशींच चित्रें निवडलीं व बारा बाय अठरा इंचांच्या कागदावर उतरवून घेतलीं.

पहिलें चित्र एका पिवळसर पाठीच्या माशाचें होतें. याला सार्जंट मेजर म्हणतात. वहिनींनीं तें ओसरीवर उजेडांत गुडघ्यावर ठेवलें आणि मान डावीकडे कलती करून त्या पाहूं लागल्या. बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग कागदावर बोट ठेवीत मोजूं लागल्या, "एक, दोन, तीन, चार, पांच. पांच काळे पट्टे आहेत."

आम्हीं होय म्हटलें.

"आणि मागचा दगड तांबूस आहे का हो?"

तो तांबूसच होता. त्यांनीं तें चित्र बाजूस ठेवून दुसरें घेतलें, तसेंच तिरपें धरलें, आणि कपाळाला आंठी घातली. "भाऊजी, हा मात्र पाठ फिरवून चालला आहे. पुढच्या खेपेस याचें तोंड इकडे असतांना घ्या."

दिवाळीनंतरचीं कुडाळचीं तिकिटें काढून ठेवलीं आहेत.